चार बोटं की वीत

मी एकदा मोठा मूर्खपणा केला. तो मीच आधी सांगून टाकते, नाहीतर आमच्या घरातलं कोणीतरी माझ्याआधी सांगेल आणि तिखटमीठ लावून सांगेल. दुकानदार नीट समजावून सांगत होता, मला ते समजतही होतं, आणि तरी मी चुकीची लेन्स घेऊन घरी आले. का, तर मी नर्स होते म्हणून.

नातवंडं विचारतात, आजी, नर्स असण्याचा आणि लेन्सचा काय संबंध? संबंध आहे. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झालेली अठ्ठावन्न वर्षांची पोरगी होते. पोरगीच म्हणायचं, कारण अक्कल पोरीच्याच वयाची होती. सरकारी दवाखान्यात सगळा जन्म सुया टोचण्यात गेला. सुई काही लांबून टोचता येत नाही. बाळाचा दंड असो की म्हाताऱ्याची सापडता न सापडणारी शीर, जवळ जायचं, श्वास रोखायचा, हात हलू द्यायचा नाही. भित्रा माणूस लांब उभा राहतो, हे माझं शास्त्र. या शास्त्रावर मी उभी नोकरी काढली आणि त्याच शास्त्रावर अकोल्याच्या दुकानात जाऊन आपटले.

निवृत्तीला मुलांनी कॅमेरा घेऊन दिला होता. आई आता फिरेल, देवळं-लेणी बघेल, फोटो काढेल, असं त्यांना वाटलं असावं. मला हवं होतं वेगळंच. मला बारीक गोष्टी बघायच्या होत्या. मधमाशीच्या पायाला चिकटलेला पिवळा गोळा, तुरीच्या फुलावरच्या तांबड्या रेघा, मुंगीचा चेहरा. मुंगीला चेहरा असतो की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सनं हे काही जमेना. बारीक वस्तूसाठी मॅक्रो लेन्स लागते असं कळलं, म्हणून मी आमच्या जऊळक्याच्या स्टेशनावरून गाडीत बसून अकोल्याला गेले.

दुकानदारानं काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या. एक बुटकी, स्टीलच्या वाटीएवढी. दुसरी लांब, पाण्याच्या गडव्यासारखी. तो म्हणाला, दोन्हींत किडा सारखाच मोठा दिसतो, फरक फक्त तुम्ही कुठं उभ्या राहता याचा. या बुटकीनं तेवढा मोठा काढायचा तर किड्यापासून चार बोटांवर जावं लागेल. लांब लेन्स तेवढंच काम जवळजवळ वीतभरावरून करते. फुलं, दागिने, नाणी काढायची असतील तर बुटकी चालेल, हलकीही आहे. जिवंत काही काढायचं असेल तर वीतभराचीच बरी.

इतकं स्वच्छ सांगितलं माणसानं. मी मनात म्हटलं, मोठी वस्तू गळ्यात मारायला बघतोय. शिवाय ती गडव्याएवढी लेन्स गळ्यात अडकवून मी पौर्णिमेला विहारात गेले असते, तर बायांनी लगेच म्हटलं असतं, सिस्टरनं लग्नाच्या ऑर्डरी घेणं सुरू केलं वाटते. आणि जवळचे फोटो काढायचे तर जवळ जाणारी लेन्स घ्यायची, यात डोकं ते काय लावायचं? मी त्याला ऐटीत म्हटलं, "बाबा, मी लोकाईच्या अंगाले हात लावून काम केलं. मले लांबून काम कराची सवय नाही."

त्यानं गुपचूप बुटकी बांधून दिली.

पुढचे काही महिने मी फार मोठी फोटोग्राफर होते. जास्वंदाचे केसर काढले, भाकरीवरचा करपलेला डाग काढला, खिडकीत मरून पडलेली मधमाशी काढली. तिच्या पायाचे केस मोजता येत होते. घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. यातलं एकही जागचं हलणारं नव्हतं, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही.

आणि मग बागेचं प्रकरण निघालं.

बाग माझ्या जावेची. भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, गेले त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या दोघांनी मिळून संत्र्याची कलमं लावली होती. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला नाला. पहिल्या उन्हाळ्यात विहीर आटली, तेव्हा जावेनं नाल्यातल्या झिऱ्यातून, वाळूत उकरलेल्या खड्ड्यातून, घागरी वाहून नाल्याकडच्या ओळी जगवल्या. ती मला कधी नावानं हाक मारत नाही. मी नोकरीला लागले त्या दिवसापासून तिच्या लेखी मी 'नर्सबाई'. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या वर्षी थंडी सरता सरता आंबिया बहाराची नवती फुटली आणि फुटल्या फुटल्या चुरगळली. नवती म्हणजे झाडाची कोवळी फूट. पानं मुडपलेली, हाताला चिकट लागायची, मधेमधे पांढरे धागे. नाल्याकडच्या झाडांच्या फांद्या तर मागच्याच हंगामापासून पिवळ्या पडत होत्या. फळ लहान, खालून हिरवंच राहिलेलं. माझा पुतण्या, म्हणजे जावेचा मुलगा, पाठीवर पंप घेऊन औषधं मारून मारून थकला. शेवटी त्यानं ठरवलं की सगळी बाग काढायची, उन्हाळाभर जमीन तापू द्यायची आणि पहिल्या पावसावर सोयाबीन पेरायचं. जेसीबीवाल्याशी बोलणंही करून ठेवलं. मशीन शिरपूरकडं कामावर होतं, ते मोकळं झालं की तीन दिवसांनी सकाळी इकडं येणार होतं.

जाऊ रडली नाही की भांडली नाही. तिनं एवढंच म्हटलं की झाडाले काय झालं ते मले जाणकार माणसानं सांगावं, मंग काप.

पुतण्या वाईट नाही. त्यानं शेतकी कॉलेजातल्या किड्यांच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, या आठवड्यात मला यायला जमत नाही, नवतीवरच्या किड्याचा स्वच्छ फोटो पाठवा. नवती मुडपणारे किडे बरेच असतात. साधा मावा वगैरे असेल, तर फवारणी बदलून बघू, बाग काढायची घाई करू नका. पण सिल्ला नावाचा रस शोषणारा किडा असेल आणि वर झाडं अशी पिवळी पडत असतील, तर ती झाडं सुधारत नाहीत, उलट तो किडा त्यांचा रोग चांगल्या झाडांत नेतो. पुतण्यानं मोबाईलवर फोटो काढून पाठवला. त्यावर सरांनी विचारलं, हा किडा आहे की जिरं?

हे सगळं आमच्या अंगणात चाललं होतं. आणि मी, अठ्ठावन्न वर्षांची पोरगी, छाती काढून म्हणाले, माझ्याकडं आहे ना लेन्स, उद्या काढून देते.

जावेनं माझ्याकडं पाहिलं. दवाखान्यात बाळंतिणीची आई आमच्याकडं बघायची, तसं. 

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही दोघी बागेत गेलो. फुलांच्या वासानं डोकं जड होत होतं. जावेनं एक कोवळा शेंडा धरून दाखवला. त्यावर तीळभर करड्या रंगाचं काहीतरी बसलेलं होतं, बूड वर करून, तिरप्या ठोकलेल्या खिळ्यासारखं. मी वाकले. चार बोटांवर जायचं होतं. अर्धी वीत राहिली असेल, तेवढ्यात माझ्या डोक्याची आणि लेन्सची सावली शेंड्यावर पडली आणि ते टुणकन उडालं.

दुसरा शेंडा धरला, तेच झालं. तिसऱ्यावर मी सूर्याला समोर ठेवून गुडघ्यावर गेले. सावली पडली नाही, पण लेन्सची कड पानाला लागली आणि तिथं बसलेले सगळे एकदम उडाले. पुढं मोजणं सोडून दिलं. एकदा एक जण बसून राहिला, तर वाऱ्यानं शेंडा हलला आणि फोटोत करडा फराटा आला. एकदा पाय तेवढे स्वच्छ आले आणि बाकीचं अंग धुक्यात. जाऊ दर वेळी विचारायची, आला का? मी म्हणायची, आता येते. घाम डोळ्यांत उतरत होता. बांधावर पुतण्या फोनवर मशीनवाल्याला शेताचा रस्ता समजावून सांगत होता आणि ते आम्हा दोघींना ऐकू येत होतं.

शेवटी मी खाली ढेकळांवर बसले. जवळ जाऊन काम होतं, हे जन्मभराचं शास्त्र त्या तीळभर किड्यानं मोडीत काढलं होतं. मी जितकी जवळ जायची, तितकं मला कमी दिसायचं. खोटं बोलायची सोय होती. वारा फार आहे, ऊन कडक आहे, किडा अवलक्षणी आहे, असं काहीही म्हणता आलं असतं. पण जावेच्या हातात अजून शेंडा धरलेला होता. मी तिला खरं सांगितलं, की दुकानदारानं दुसरी घ्या म्हटलं होतं, मीच शहाणपणा केला.

 तिनं विचारलं, "मंग ते दुसरी काच भेटते का?"

परवाची सकाळ गाठायची होती आणि हातात एकच दिवस उरला होता. पुढच्या सकाळी, म्हणजे मशीन यायच्या आदल्या दिवशी, मी जऊळक्याहून पहिल्या गाडीनं अकोल्याला गेले. दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले. दुकानदारानं मला ओळखलं, आणि त्याहून वाईट म्हणजे माझी ऐटही त्याच्या लक्षात होती. तो हसला नाही, याचा मला जास्त त्रास झाला. मी म्हटलं, ती लांबवाली दाखवा. काचेच्या काउंटरवरून एक मुंगी चालली होती. मी लांब लेन्स लावून वीतभरावरून तिच्यावर रोखली. ती आपल्या वाटेनं चालत राहिली. मुंगीला चेहरा असतो. त्यानं जुनी लेन्स परत घेतली, वर भर घेऊन नवी दिली, आणि निघताना एवढंच सांगितलं की ही जड आहे, हात टेकायला काहीतरी बघा.

परतीच्या गाडीत पुतण्याचा फोन आला. शिरपूरचं काम लवकर उरकलं होतं. मशीन उद्या नाही, आजच दुपारी येणार होतं.

मी म्हटलं, थांबव. तो म्हणाला, काकू, उद्याले ते आता दुसऱ्याकडं बुक झालं, मंग हप्ताभर भेटत नाही. एवढ्यात रेंज गेली. गाडी कुठल्याशा क्रॉसिंगला उभी राहिली ती उभीच. मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. समोरची बाई विचारत होती, मावशी, पिशवीत काय काचेचं सामान हाय का? मी हो म्हटलं. खरंच होतं ते.

जऊळक्याला उतरून ऑटो केली. शेताच्या वळणावर आले, तर इंजिनचा आवाज ऐकू आला. मी ऑटोवाल्याला इतक्या जोरात थांब म्हटलं की तो घाबरला. मशीन नाल्याच्या बाजूनं आत शिरलं होतं. त्याला वाट करून देताना कडेचं एक झाड आडवं झालं होतं. पांढरी फुलं मातीत आणि मुळं वर. बाकीची उभी होती. पुतण्यानं मशीनवाल्याला चहा द्यायच्या निमित्तानं खाली उतरवून ठेवलं होतं. मला पाहून तो मशीनवाल्याच्या कपात आणखी चहा ओतायला लागला. मशीनवाला म्हणाला, भाऊ, मी काय चहा प्यायले आलो काय, मले अंधाराच्या आत दुसरं वावर गाठाचं हाय.

ऊन कलायला लागलं होतं. आणखी थोड्या वेळानं उजेडही राहिला नसता.

जाऊ तयारच होती. तिनं शेंडा निवडून ठेवला होता, तुराटीची काडी रोवून कपड्याच्या चिमट्यानं तो तिला लावूनही टाकला होता. वारा येत होता त्या बाजूला ती स्वतः उभी राहिली, दोन्ही हातांनी पदर पसरून. मी फवारणीचा रिकामा ड्रम उपडा घालून त्यावर कोपर टेकलं. वीतभर अंतर. शेंड्यावर ते तीळभर बूड वर करून बसलं होतं. मी श्वास रोखला. पहिल्या फोटोत मागचं पान स्वच्छ आणि किडा धूसर. दुसऱ्याला माझा हात हलला, लेन्स खरंच जड होती. मागं मशीनवाल्यानं कप खाली ठेवल्याचा आवाज आला. जावेच्या पदराचं टोक फडफडलं, तिनं ते दातांत धरलं. किडा उडाला नाही. मी कॅमेरा केसभर पुढं नेला, आणि त्याचा डोळा एकदम समोर आला. लाल. मी बटण दाबलं.

पडद्यावर मोठं करून पाहिलं. सगळं होतं. लाल डोळे, पंखांवरचे तपकिरी ठिपके, वर उचललेलं बूड, आणि शेजारी पानाच्या बेचक्यात चपटी पिवळी पिल्लं, प्रत्येकाच्या मागं पांढरा धागा. पाय मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. मी आनंदानं ओरडले. आता सांगायला लाज वाटते, पण मी जावेचे दोन्ही हात धरून नाचायचीच बाकी होते. फोटो आला म्हणजे बाग वाचली, असं माझ्या मनानं कधी ठरवून टाकलं होतं कोण जाणे. फोटो आणि बाग यात काही फरकच उरला नव्हता.

पुतण्यानं पडद्याचा फोटो मोबाईलवर घेतला. विहिरीच्या कठड्यावर चढल्याशिवाय तिथं फोटो जाण्याइतकी रेंज येत नाही. तो चढून उभा राहिला, फोटो गेला, आणि आम्ही तिघं वाट पाहत राहिलो. मशीनवाला मशीनवर जाऊन बसला, पण त्यानं इंजिन सुरू केलं नाही.

फोन आला. पुतण्या ऐकत होता, हूं हूं म्हणत होता. मग सरांनी काहीतरी विचारलं, तेव्हा त्यानं माझ्याकडं बोट केलं, जसं काही त्यांना दिसणारच होतं. फोन ठेवून तो खाली उतरला आणि आईकडं न बघता माझ्याशीच बोलायला लागला. सर म्हणाले की फोटो फार सुंदर आहे, शंका घ्यायला जागाच ठेवली नाही, सिल्लाच आहे. नाल्याकडची जी पिवळी पडली आहेत ती सगळी मुळासकट काढा, मशीन उभंच आहे तर आजच. विहिरीकडची हिरवी राहू द्या, त्यांच्यासाठी औषध कळवतो, नवती आली की दर वेळी बघत राहा.  मग पुतण्या म्हणाला, काकू, ते पोराईले शिकवाले तुमचा फोटो मागून राह्यले.

मी काय बोलले असेन? मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. आणि त्या क्षणी मला आतून बरं वाटलं, हेही लिहून ठेवते, कारण त्या शहाण्या पोरीला अजून कोणी पुरेसं हसलेलं नाही.

मग इंजिन सुरू झालं. नाल्याकडच्या ओळी एकेक करून गेल्या. संत्र्याचं झाड पडताना फार आवाज करत नाही, आधी मुळं तुटल्याचा आणि मग फांद्या मोडल्याचा, बस. पण फुलांचा वास इतका उठला की मशीनवाल्यानं तोंडाला रुमाल बांधला. पुतण्या एका बाजूला उभा राहून कुठलं झाड ठेवायचं ते हातानं दाखवत होता. दोन ठिकाणी तो अडखळला, तेव्हा जावेनंच पुढं होऊन पिवळी फांदी दाखवली. एकदाही तिनं चुकीचं झाड वाचवलं नाही. मी लेन्स काढून डबीत ठेवली, परत काढली, परत ठेवली. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

मशीन गेलं तेव्हा थोडा उजेड होता. विहिरीकडची झाडं उभी होती, आणि त्यांच्यापलीकडून पहिल्यांदाच नाला सरळ दिसत होता. जाऊ विहिरीवर हातपाय धुऊन माझ्याजवळ येऊन बसली. पदराला हात पुसले आणि म्हणाली, दाखव मले. मी कॅमेरा सुरू करून फोटो मोठा केला. तिनं पडदा डोळ्यांजवळ धरला आणि त्या किड्याकडं बराच वेळ पाहिलं, त्याच्या डोळ्याकडं, पंखांकडं, पिल्लांच्या मागच्या धाग्यांकडं.  चांगला आलाय ना, हे शब्द माझ्या ओठांवर होते, ते निदान मी गिळले. तिनं कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली,

"पयलीच काच बरी व्हती वं नर्सबाई. तिच्यात काही दिसत तरी नव्हतं."